सोलरचा क्षार, टप्पा दुसरा: नळ्या साफ, व्हेंट मोकळा

पाणी तापवायच्या सोलरमध्ये साचलेला क्षार काढायचं हे काम. मांडणी पहिल्या टप्प्यातलीच: १५० लिटरची टाकी, आतलं भांडं ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचं, ५८ मिमी व्यासाच्या आणि १८०० मिमी लांबीच्या १५ काचनळ्या, पाणी बोअरचं. थेंब टाकून पाणी तपासायच्या किटवर कठीणपणा (पाण्यात विरघळलेला चुन्याचा क्षार) लिटरला ४०० मिलिग्रॅम आला. टीडीएस मीटरवर (विरघळलेले सगळे क्षार एकत्र दाखवणारा) विसंबू नका, तो मीठ आणि चुना वेगळे दाखवत नाही.

हिशोब असा. रोज १५० लिटर वापरलं तर ६० ग्रॅम क्षार टाकीतून जातो. त्याचा दहावा भाग जरी आत बसला तरी वर्षाला दोन किलो होतो. पाणी तापलं की त्यातला बायकार्बोनेट फुटतो आणि चुना खाली बसतो. म्हणून पाणी जितकं गरम, तितका थर जाड.

काम उजाडायच्या आधी सुरू केलं. इनलेट बंद, टाकी रिकामी. नळी फिरवत थोडी वर टाकीत सरकवायची, खालचं टोक आधाराच्या कपातून सोडवायचं आणि मग खाली ओढायची. प्रत्येक नळीत सुमारे २.७ लिटर पाणी असतं, तेव्हा दोन माणसं हवीतच.

आधी सुटे पापुद्रे झटकून काढले, नायलॉनचा ब्रश फिरवला. तारेचा ब्रश नको, एका ओरखड्यातून काच तडकते. मग लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे एका नळीला १३५ ग्रॅम. ते साधारण १०० ग्रॅम चुना खातं, त्याहून जास्त नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं: बुडबुडे थांबले आणि थर तसाच राहिला, तर आणखी रात्रभर भिजवून काही होत नाही. ॲसिड संपलेलं असतं, ताजं द्रावण भरा. पाणी कडकडीत घेऊ नका, कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ तळाशी धरतो. काचनळी दुहेरी असते; ऊन शोषणारा काळा लेप आतल्या नळीच्या बाहेरच्या अंगाला, निर्वात पोकळीत असतो. ॲसिड त्याला लागत नाही.

संडास धुवायचं ॲसिड टाकीत अजिबात नको. त्यातल्या क्लोराइडने ३०४ स्टीलला टाचणीएवढी भोकं पडतात.

व्हेंट पाइपच्या (टाकीत हवा ये-जा करायची नळी) कोपऱ्यात क्षार अर्धाअधिक भरला होता. हे दुखणं नळ्यांपेक्षा वाईट. व्हेंट बुजला आणि खालून पाणी ओढलं गेलं की टाकी आत चेपते. दर सहा महिन्यांनी बघाच.

एका नळीचं चंदेरी बूड पांढरं पडलेलं निघालं. म्हणजे तिच्या निर्वात पोकळीत हवा शिरली, ती बदलली. वायसरला साबणाचं पाणी लावून नळ्या बसवल्या आणि ऊन चढायच्या आत टाकी भरली. रिकामी नळी उन्हात २०० अंशांच्या वर जाते, त्यात गार पाणी गेलं की फुटते. उशीर झाला तर ताडपत्री टाका, संध्याकाळी भरा.

तिसरा टप्पा: सोलरला बोअर तोडून महापालिकेच्या पाण्याची वेगळी २०० लिटरची टाकी. कोल्हापूरला पंचगंगेचं आणि काळम्मावाडी धरणाचं पाणी येतं, दोन्ही सह्याद्रीच्या पावसाचं, म्हणून क्षार कमी असावा. बोअर धुण्याभांड्यांना राहील. जोडणी झाली की त्याच किटने पुन्हा मोजून आकडा इथे टाकतो.