आंजेच्या किल्ल्यात विणलेले देवदूत

आंजे हे शहर फ्रान्सच्या पश्चिमेला, मेन नदीच्या काठी. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनातून वेगवान गाडीने दीडेक तासात पोचता येतं आणि स्टेशनातून बाहेर पडलं की किल्ला चालत दहा मिनिटांवर. किल्ला तेराव्या शतकातला, राजा नवव्या लुईच्या काळात बांधलेला. सतरा बुरूज आहेत, काळ्या पाटीच्या दगडाचे, मधून पांढऱ्या चुनखडीचे पट्टे. बाहेरून पाहिलं तर आत काही नाजूक जपून ठेवलं असेल असं वाटत नाही. पण त्या तटांच्या आत बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, लोकरीत विणून टांगलेलं आहे. उरलेला पटच शंभर मीटरहून लांब आहे. मी आंजेला गेले ती त्याच्यासाठीच.

नगरच्या मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला प्रकटीकरण टाळता येत नाही. ते उज्जीवन सभांमधून, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्यासाठीच्या प्रवचनांच्या सभांमधून, कानावर पडतंच. समुद्रातून वर येणारं श्वापद, त्याची खूण, सहाशे सहासष्ट, क्रोधाच्या सात वाट्या. एके काळी ती खूण म्हणजे दुकानातल्या मालावरचा बारकोड असं सांगितलं जायचं. करोनाच्या दिवसांत ती लशीत असल्याचे मेसेज फिरले आणि आमच्या ओळखीतली काही वयस्कर माणसं त्या धास्तीने लस घ्यायला तयार होईनात. याचं मला आजही मनापासून वाईट वाटतं. या असल्या सांगण्यात देवदूत म्हणजे वरून आलेले शिक्षा बजावणारे शिपाई. पुस्तक सावकाश, एका बैठकीत वाचलं तर ते तसे दिसत नाहीत. देवदूत कुणाचा न्याय करत नाहीत. ते निरोप आणतात, वारे धरून ठेवतात, दिसलं त्याचा अर्थ सांगतात, आणि बहुतेक घावांच्या आधी कुणीतरी येऊन सांगून जातं. सहाशे वर्षांपूर्वीच्या विणकरांनी हे पुस्तक कसं वाचलं होतं, ते मला बघायचं होतं.

माझी भाची नांतला शिकते. तिथून आंजे पाऊण तासाच्या अंतरावर, म्हणून ती आदल्या रात्रीच आली. सकाळी किल्ल्याचं दार उघडताच आम्ही दोघी आत शिरलो.

पटासाठी १९५४ साली किल्ल्यात एक वेगळं दालन बांधलं आहे. आत पाऊल टाकल्यावर आधी काहीच दिसत नाही. रंग उडू नयेत म्हणून उजेड अगदी मंद ठेवलेला असतो. दोन-चार मिनिटं भिंतीजवळ उभं राहिलं की डोळे सरावतात आणि मग समोरून रंग उगवायला लागतात. एक चित्र लाल पार्श्वभूमीवर, शेजारचं निळ्या, पुन्हा लाल. खालची आणि वरची अशा दोन ओळी, आणि त्या दालनाच्या वळणावरून पुढे जातच राहतात.

हा पट आंजेभोवतालच्या आंजू प्रांताचा ड्यूक पहिला लुई याने १३७५च्या सुमारास करून घेतला. चित्रं काढली ब्रुजच्या हेनकँने, तो राजा पाचव्या शार्लचा चित्रकार. काम पॅरिसच्या निकोला बाताय या व्यापाऱ्याकडे होतं. लुई हा राजाचा धाकटा भाऊ, त्यामुळे नमुन्यासाठी राजाने आपल्या ग्रंथालयातलं प्रकटीकरणाचं सचित्र हस्तलिखित त्याला दिलं. ग्रंथालयाच्या यादीत त्याची नोंदही आहे, ‘सुंदर पट करण्यासाठी’ दिल्याची. मुळात सहा मोठे तुकडे होते, प्रत्येकात चौदा दृश्यं, म्हणजे एकूण ८४. आज सत्तरच्या आसपास उरली आहेत. आंजूचाच पुढचा ड्यूक असलेल्या रेने राजाने १४८० मध्ये तो कॅथेड्रलला दिला, पुढे तीनेकशे वर्षं तो सणासुदीला तिथे लागायचा. मग क्रांतीच्या काळात त्याचे तुकडे झाले. कुणी सतरंजी केली, कुणी तबेल्यात घोड्यांसाठी लावले, थंडीत संत्र्याच्या झाडांवर पांघरले. एकोणिसाव्या शतकात कॅथेड्रलच्या जुबेर नावाच्या धर्मगुरूने तुकडा तुकडा शोधून तो परत जोडला. देवाच्या न्यायाचं चित्र घोड्यांच्या पायाखाली गेलं आणि तरीही उरलं, हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नव्हतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा लक्षात येतो तो योहान. बहुतेक प्रत्येक दृश्यात एका बाजूला तो उभा असतो, बऱ्याचदा देवडीसारख्या छोट्याशा बांधकामात, आणि तिथून पाहतो. पात्म बेटावर हद्दपारीत असलेला हा माणूस. रोमचा सम्राट डोमिशियनच्या काळात, साधारण इसवी सन ९५ च्या आसपास, त्याने आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, सात ख्रिस्ती मंडळ्यांसाठी हे लिहिलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. सम्राटाला देव मानायचं नाकारलं तर धंदा बसायचा, प्रसंगी जीवही जायचा, अशा गावांतली ही माणसं. पुस्तकातली बाबेल सात डोंगरांवर बसलेली आहे आणि सात टेकड्यांचं शहर म्हणजे रोम, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून मला हे पुस्तक पुढच्या काळाचं वेळापत्रक वाटत नाही. छळलेल्या माणसांनी विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे. तो प्रश्नही पुस्तकातच आहे. देवाच्या हातातल्या गुंडाळीवर सात शिक्के आहेत; त्यांतला पाचवा फुटतो तेव्हा वेदीखालचे जीव ओरडतात, प्रभो, किती काळ?

पहिल्या चार शिक्क्यांबरोबर चार घोडेस्वार निघतात. त्यांतल्या काळ्या घोड्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. स्वाराच्या हातात तराजू. पुस्तकात त्या वेळी आवाज येतो तो भावाचा: दिवसभराच्या मजुरीत शेरभर गहू, नाहीतर तीन शेर जव, आणि तेलाला व द्राक्षारसाला मात्र धक्का लावू नको. म्हणजे गरिबाच्या ताटातली भाकरी महागणार, श्रीमंताचं काही अडणार नाही. दुष्काळ पाहिलेल्या आमच्या भागातल्या माणसाला यात गूढ असं काही वाटणार नाही. पुढे फिकट घोड्यावर मरण बसलेलं, हाडांचा सापळा, हातात तलवार. पट विणला गेला तेव्हा १३४८ची प्लेगची साथ पाहिलेली माणसं हयात होती आणि इंग्लंडशी युद्ध चालूच होतं. त्यांना तो सापळा कल्पनेतला वाटला नसेल.

देवदूतांची खरी ओळ दुसऱ्या तुकड्यात सुरू होते. चार देवदूत चार वारे धरून उभे आहेत, कारण देवाच्या दासांच्या कपाळी शिक्का होईपर्यंत पृथ्वीला, समुद्राला, झाडांना इजा करायची नाही. मग सातवा शिक्का फुटतो आणि स्वर्गात सुमारे अर्धा तास शांतता. सात देवदूतांच्या हाती सात कर्णे येतात, पण ते लगेच वाजत नाहीत. मधे आणखी एक देवदूत येतो, सोन्याचं धुपाटणं घेऊन. पटावर याची दोन दृश्यं शेजारी शेजारी आहेत. पहिल्यात तो वेदीपाशी धूप जाळतो आणि त्या धुराबरोबर पवित्र जनांच्या प्रार्थना वर जातात. दुसऱ्यात तेच धुपाटणं वेदीवरच्या अग्नीने भरून तो खाली पृथ्वीवर टाकतो.

“मावशी, तेच भांडं?” भाचीने विचारलं.

“तेच. आणि तीच वेदी.”

प्रकटीकरणातल्या न्यायाचा सगळा अर्थ मला या दोन चौकटींत दिसतो. खाली पडणारा विस्तव कुठल्याशा रागीट देवाच्या लहरीतून आलेला नाही. ‘किती काळ’ म्हणणाऱ्यांचं रडणं ज्या वेदीवर पोचलं, तिथूनच तो आला. देवदूताने आपल्या मनाचं काही केलेलं नाही. त्याने प्रार्थना वर नेल्या, उत्तर खाली आणलं. उपासनेत आपण ‘तुझे राज्य येवो’ म्हणतो तेव्हा नेमकं काय मागतो, याचा विचार मी तिथे उभं राहून केला. एरवी हे शब्द इतके सहज म्हटले जातात.

पुढे कर्णे वाजतात. गारा आणि आग, बुडणारी गलबतं, पाण्यावर पडणारा कडूदवणा तारा. सहाव्या कर्ण्यानंतर फरात नदीवर बांधलेले चार देवदूत मोकळे होतात आणि घोडेस्वारांचे जथे सुटतात. भाची वेगळंच काहीतरी बघत होती. “यांचे चेहरे एवढे शांत कसे गं? खाली माणसं मरतायत.”

मलाही तेच जाणवत होतं. कर्णा फुंकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद नाही, त्वेषही नाही. काही चेहरे तर मला खिन्न वाटले. चित्रकाराने हे मुद्दाम केलं का, ते मी सांगू शकत नाही. पण पुस्तकाशी ते जुळतं. कर्ण्यांच्या भागात नाश होतो तो तिसऱ्या हिश्श्याचा, सगळ्याचा नाही. आणि नवव्या अध्यायाच्या शेवटी एक दुःखाची ओळ येते, की उरलेल्या माणसांनी तरीही पश्चात्ताप केला नाही. म्हणजे अपेक्षा तीच होती. कर्णा हा आधी इशाऱ्याचा असतो.

हीच गोष्ट चौथ्या तुकड्यात अगदी उघड होते. तिथे तीन देवदूत एकामागून एक येतात. पहिला सार्वकालिक सुवार्ता घेऊन, प्रत्येक राष्ट्र, वंश, भाषा बोलणाऱ्यांसाठी. दुसरा सांगतो, बाबेल पडली. तिसरा श्वापदाला नमन करणाऱ्यांना बजावतो. सभांमधून मी तिसऱ्या देवदूतावरची प्रवचनंच जास्त ऐकली. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुवार्ता आहे, आणि तिच्यातच न्यायाची घडी आल्याचं सांगितलेलं आहे. जो न्याय आधी कळवला जातो त्यात परत फिरायला जागा असते.

बाबेलीचं चित्र पाचव्या तुकड्यात आहे. ती आरशात बघत केस विंचरते आहे. तिच्या पतनावर रडतात ते व्यापारी. अठराव्या अध्यायात त्यांच्या मालाची लांबलचक यादी आहे: सोनं, मोती, जांभळी वस्त्रं, हस्तिदंत, दालचिनी, गुरं, रथ, आणि अगदी शेवटी माणसांचे देह आणि जीव. गुलामांचा बाजार त्या यादीच्या शेवटी ठेवणाऱ्या माणसाला साम्राज्य कसं चालतं ते पक्कं माहीत होतं.

इथे ड्यूक लुईचा विचार आल्याशिवाय राहत नाही. पटात ठिकठिकाणी त्याच्या घराण्याची चिन्हं विणलेली आहेत, फुलपाखरांच्या पंखांवरसुद्धा. हाच लुई दक्षिण फ्रान्समधल्या लांगदॉकमध्ये राजाचा प्रतिनिधी होता, आणि तिथल्या करांना कंटाळून १३७९ मध्ये मोंपेलिएच्या लोकांनी बंड केलं होतं. त्याच माणसाने बाबेलीच्या नाशाचं एवढं मोठं चित्र स्वतःच्या पैशाने करून घेतलं. तो स्वतःला कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, बाजूला समजत असणार. बाबेल म्हणजे दुसरं कुणीतरी, हे समजणं प्रत्येक काळातल्या सत्ताधाऱ्याला सोपं गेलं आहे. आमच्या सभांमध्येही बाबेल नेहमी दूर कुठेतरी असते.

बाकड्यावर टेकून मी फोनवरचं मराठी बायबल उघडलं आणि भाचीला एकोणिसावा आणि बाविसावा अध्याय वाचून दाखवला. दोन्हींत योहान देवदूताच्या पाया पडतो, आणि दोन्ही वेळा देवदूत त्याला अडवतो: असं करू नको, मी तुझ्या सोबतीचा दास आहे, नमन देवाला कर. इतकं सगळं दाखवणारा, समजावणारा तो, आणि स्वतःकडे काहीच घेत नाही. दानीएलाला आणि जखऱ्यालाही असेच अर्थ सांगणारे दूत भेटतात, ही परंपराच जुनी. प्रकटीकरणात देवाच्या इतक्या दूतांपैकी नाव फक्त मीखाएलाचं येतं. बाकीचे सगळे निनावी. मला तर वाटतं, या पुस्तकाचा अर्थ सांगू पाहणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने त्या दोन अध्यायांतला देवदूत आधी वाचावा.

चौथ्या तुकड्यातलं आणखी एक दृश्य सांगितलंच पाहिजे. न्यायाची कापणी सुरू होण्याआधी, तीन देवदूतांनंतर, नीतिमानांची झोप आहे. प्रभूमध्ये मरणाऱ्यांना धन्य म्हणणाऱ्या वचनाचं ते चित्र. माणसं पांघरूण घेऊन निजलेली आणि देवदूत त्यांचे जीव वर नेतायत. आजवर किती दफनविधींत हे वचन मी ऐकलंय. त्याच्या मागेपुढे विळे आणि द्राक्षकुंड आहे, हे तिथे कधी कुणाच्या मनात नसतं.

दुपारी नदी ओलांडून आम्ही सेंट जॉनच्या जुन्या रुग्णालयात गेलो. बाराव्या शतकातली ती इमारत आता संग्रहालय आहे, आणि तिच्या उंच दालनात झाँ ल्युर्सा या कलाकाराचे दहा प्रचंड पट लावलेले आहेत. किल्ल्यातला पट त्याने १९३० च्या दशकात पाहिला होता आणि १९५७ पासून १९६६ मध्ये मरेपर्यंत तो याच मालिकेवर काम करत होता. काळ्या पार्श्वभूमीवर अणुबॉम्बची धास्ती, मग हिरोशिमाचा जळलेला माणूस, हाडांचा ढीग, सगळ्याचा शेवट, आणि त्यानंतर पुन्हा माणूस, पाणी, अवकाश. काम फार मोठं आहे. ज्याने दोन महायुद्धं पाहिली त्याचा तो अस्सल आक्रोश आहे.

पण किल्ल्यातून थेट तिथे गेल्यावर एक फरक टोचत राहिला. ल्युर्साच्या बॉम्बच्या आधी मला कुठे दूत दिसला नाही. वारे धरून ठेवणारं कुणी नाही, कर्णा नाही, जिथे रडणं पोचलं अशी वेदी नाही. भाचीचं म्हणणं पडलं की म्हणूनच हे जास्त खरं आहे, हिरोशिमाला कुठला देवदूत सांगायला आला होता? मी तिला म्हटलं, निरोप आणण्याचं काम तेव्हा माणसांचं होतं, काही शास्त्रज्ञांनी वापराआधी लेखी विनंती करून ते केलंही होतं, आणि ती विनंती ऐकली गेली नाही. नवव्या अध्यायातली शेवटची ओळ तीच आहे. यावर आमचं एकमत झालं नाही. परतीच्या गाडीत नांत येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.

जाणार असाल तर दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी बघा आणि किल्ला आधी. प्रकटीकरणाचे बावीस अध्याय, ४०४ वचनं, निघण्याआधी एकदा सलग वाचून जा. दोनेक तासांत होतात. आत सोबत एखादी शाल ठेवा, आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत पहिल्या चित्रापुढून हलू नका.