साडेपाचनंतर पेरॉक्साइड बंद

आमच्या लॅबमध्ये नवा नियम आलाय: संध्याकाळी साडेपाचनंतर एकट्याने पेरॉक्साइडला हात लावायचा नाही. हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस हवंच. शिवाय आधी धोक्यांचा फॉर्म भरा, प्रमाण वाढवलंत की पुन्हा भरा. पुण्यात पीएचडी करताना मी रात्री दोनला मिश्रणं वेगळी करायचे कॉलम चालवलेत, सोबतीला फक्त वॉचमनकाकांचा रेडिओ. कुणाला काही झालं नाही. (हा पुरावा नव्हे, मलाही कळतं.)

माझी अडचण अशी की ऑक्सिडेशनला, म्हणजे पेरॉक्साइडने रेणूवर ऑक्सिजन बसवण्याला, साडेपाच कळत नाहीत. मी राहते स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. शेजारच्या मोल्नदालला ओमेप्राझोलचा शोध लागला, १९८८ मध्ये ते बाजारात आलं. म्हणजे आपल्याकडचं ओमेझ, घरोघरी उपाशीपोटी घेतात ते. त्याच्या रेणूत एका टोकाला पिरिडीन, दुसऱ्या टोकाला बेंझिमिडाझोल (दोन्ही अणूंची कडी) आणि मध्ये गंधक. गंधकावर एकच ऑक्सिजन बसला तर औषध. एकही नसला किंवा दोन बसले तर बाद. पिरिडीनवर मेथॉक्सी आणि मिथाइल हे छोटे गट लावले की त्याचा नायट्रोजन जास्त बेसिक होतो, रेणू जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींत साठतो, आम्लानेच बदलतो आणि तिथल्या आम्ल बाहेर सोडणाऱ्या पंपाला घट्ट चिकटतो. हेच गट बदलून काय फरक पडतो, ते मी पाहते.

त्यात गंधकाभोवतीच्या रचनेच्या, डाव्या-उजव्या हातासारख्या दोन प्रतिबिंबांपैकी एकच हवं. त्यासाठी टायटॅनियम आणि टार्ट्रेट, म्हणजे चिंचेतल्या आम्लाचं भावंड. या जोडीने इपॉक्साइड नावाची संयुगं बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ शार्पलेसना २००१ चं नोबेल मिळालं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ कागान यांनी ती गंधकावर वळवली आणि मोल्नदालच्या लोकांनी तिला एसोमेप्राझोलसाठी, म्हणजे ओमेप्राझोलच्या एकाच प्रतिबिंबासाठी, तासून घेतलं. वाचायला सोपं. प्रत्यक्षात टीएलसीवर (मिश्रणात काय आहे ते डागांतून दाखवणारी पट्टी) सल्फोनचा, म्हणजे दोन ऑक्सिजनवाल्याचा, डाग दिसू लागला की लगेच क्वेंच करावं लागतं, म्हणजे प्रक्रिया थांबवावी लागते, आणि तो हमखास सहाला दिसतो!

तरी नियम करणाऱ्यांची बाजू मीच मांडते. ज्याच्या नावाचं बक्षीस, त्या नोबेलचा धाकटा भाऊ एमिल १८६४ मध्ये स्टॉकहोमला नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटात गेला. अशा देशात फॉर्म असणारच. पण काम अडलं तर ते कोण भरून देणार, यावर फॉर्ममध्ये रकाना नाही.

गेल्या आठवड्यात एक सहकारी माझ्यासाठी साडेसातपर्यंत थांबली. वाफा ओढून घेणाऱ्या हूडपासून लांब बाहेरच्या टेबलाशी बसून मोजे विणत होती. मी दहादा धन्यवाद म्हटलं, तिने खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी ती अकराला आली, ते दोन तास रीतसर वळते करून. कुणी काही विचारलं नाही. पुण्यातही माझ्यासाठी कुणी ना कुणी थांबलं असतं, नऊपर्यंतसुद्धा. फक्त सकाळी त्याने अकराला यायची हिंमत केली नसती, आणि खरं सांगायचं तर मीही त्याच्याकडे भुवया उंचावून पाहिलं असतं.