खाडीने आत : नोंदवहीतली आत्तापर्यंतची प्रगती

किनाऱ्यालगतची पानं बऱ्यापैकी भरली, म्हणून गेल्या दिवाळीनंतर नोंदवहीत नवा भाग सुरू केलाय. नियम एकच, समुद्राकडे पाठ करायची आणि खाडीच्या काठाने आत शिरायचं. कोकणातली जुनी बंदरं पाहिलीत तर बरीचशी उघड्या समुद्रावर नाहीत. गलबतं भरतीबरोबर आत यायची, माल उतरायचा आणि तिथून बैलांचे तांडे घाटाला लागायचे. लेणी, पेठा, मशिदी, छोटे गड हे सगळं त्यामुळे खाडीच्या पोटात आहे, आणि गर्दी मात्र वाळूवर. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राचे. आनंदच आहे. पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून इथे उरलेल्यांचा हिशेब.

राजपुरी खाडी : कुडे लेणी. झालं.

जंजिरा बघून लोक परत फिरतात. तीच खाडी धरून आत गेलं की मांदाडजवळ कुडे गावाच्या डोंगरात २६ बौद्ध लेणी आहेत. सहाव्या लेण्यापाशी दगडातले हत्ती स्वागताला उभे आहेत. फोटो सगळे त्यांचेच काढतात. मला खरी मजा शिलालेखांत आली. दान देणाऱ्यांत राजघराण्यातली माणसं आहेत, तसा एक माळी आहे, एक वैद्य आहे आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीसुद्धा आहे. कऱ्हाडचा माणूस घाट उतरून इथवर येतो आणि लेण्यासाठी पैसे मोजतो, ते काही निसर्ग बघायला नव्हे. लेण्यांच्या ओट्यावर बसलं की समोर खाडी दिसते. मग तो इथे का आला असेल हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

सकाळी लवकर जा. अक्षरं झिजलेली आहेत, तिरपं ऊन पडलं तरच उठून दिसतात. आम्ही निघेपर्यंत दहा वाजले, तेव्हा भिंत नुसती करडी दिसत होती.

दाभोळ खाडी : दाभोळ झालं, पन्हाळेकाजी पुन्हा करणार.

दाभोळला धक्क्याजवळची आदिलशाही मशीद, जिला गावात अंडा मशीद म्हणतात, ती बघितली. एक मोठा घुमट, चार कोपऱ्यांना मिनार, आणि मागे जेटीवर मासळीचा लिलाव चाललेला. गावातलं चंडिकेचं भुयारी देऊळही केलं. आत फक्त समईचा उजेड आणि फोटोला बंदी. ती बंदी मला तरी पटते.

पन्हाळेकाजीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्यातल्या कितीतरी जणांनी दापोली पालथी घातलीय आणि तरी हे राहिलंय. कोटजाई नदीच्या काठाला चिकटून लेण्यांची रांग आहे. एकूण २९. त्यातलं शेवटचं, गौर लेणं, जरासं बाजूला पडतं. अनेक ठिकाणी लेणी म्हणजे डोंगर चढून जायची गोष्ट. इथे उलट आहे, रस्ता खाली उतरतो आणि आपण नदीच्या पातळीला येतो.

सुरुवात बौद्धांची, आधी हीनयान हा जुना पंथ, मग वज्रयान हा तांत्रिक पंथ. पुढे कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याच्या काळात शिव आणि गणपती आले, आणि त्यानंतर नाथपंथीयांनी जागा घेतली. एकाच खडकात हे इतके थर क्वचितच सापडतात. दहाव्या लेण्यात महाचंडरोषणाची मूर्ती आहे. वज्रयानातल्या या देवतेच्या मूर्ती आपल्याकडे फार दुर्मिळ. एकोणिसाव्याच्या छतावर रामायण-महाभारतातले प्रसंग अगदी लहान आकारात कोरलेत, मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. चौदाव्यात नाथ सिद्ध, म्हणजे सिद्धी मिळवलेले योगी, आहेत आणि गौर लेण्यात चौऱ्याऐंशी सिद्धांची मांडणी. तिथे मी टॉर्च भिंतीला समांतर धरून एकेक आकृती बघत गेलो. समोरून उजेड टाकला की सगळी सपाट दिसतात. बाजूने टाकला की कुणाच्या कानातली कुंडलं, कुणाची बसायची ढब, असं काहीबाही हळूहळू वर येतं. ते काम अर्धवट राहिलंय, म्हणून पुन्हा जायचं आहे.

या जागेचं जुनं नाव प्रणालक. ते कळलं शिलाहार विक्रमादित्याच्या ११३९ सालच्या ताम्रपटावरून. लेण्यांचा नीट अभ्यास झाला तो १९७०च्या दशकात, पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांच्यामुळे. पावसाळ्यात जाऊ नका. नदी लेण्यांच्या अगदी अंगाशी येते आणि जांभ्यावर शेवाळ धरतं.

राजापूरची खाडी : अर्धी झाली.

राजापूर शहर समुद्रापासून चांगलंच आत आहे, तरी इंग्रजांनी १७व्या शतकात इथे वखार घातली. अणुस्कुरा घाटाने येणारा माल इथे उतरायचा. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, त्याचा हिशेब शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये इथेच चुकता केला. आज खाडी गाळाने भरलीय. अर्जुना आणि कोदवली यांच्या संगमाजवळ उभं राहिलं तर इथवर गलबतं येत होती यावर विश्वास बसत नाही. मुखाकडे नाट्याचा यशवंतगड केला. गड आटोपशीर, खाडीवर नजर ठेवायला बांधलेला.

खाडीवरून नजर वर गेली की सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. राजापूर तालुक्यातली कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळात खोदलेली चित्रं, हा या वहीतला माझा सगळ्यात लाडका भाग आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या, त्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ. माझी कशेळी, बारसू आणि देवीहसोळ झालीत.

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब. उभं राहून तो हत्ती दिसतच नाही, नुसत्या खोदलेल्या रेषा दिसतात. पाठीच्या रेषेवर पाय न देता कडेने चालत सोंडेपर्यंत आलो तेव्हा कुठे आकार डोक्यात बसला. पोटात आणखी लहान-मोठे प्राणी आहेत, ते शोधण्यात तासभर सहज जातो. बारसूला मध्ये माणूस आणि दोन बाजूंना दोन वाघ. गावोगाव ही चित्रं पांडवांनी काढली असं सांगतात. कुणी, कधी आणि कशासाठी काढली यावर अभ्यासकांची चर्चा चालूच आहे, आपण वाद घालायला नको.

दोन विनंत्या. पावसानंतर गवत वाढतं आणि रेषा झाकून जातात, ते वाळेपर्यंत थांबा. आणि फोटो उठावदार यावा म्हणून खाचांत खडू किंवा चुना भरू नका. एका ठिकाणी पांढऱ्या रंगाचे फराटे बघितले आणि जेवण गोड लागलं नाही. संध्याकाळी पाचनंतरचं ऊन फुकट मिळतं, तेच वापरा. कशेळीत आलातच तर कनकादित्याचं देऊळ चुकवू नका. कोकणात सूर्याची देवळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

कालावल खाडी : मसुऱ्याचा भरतगड झाला, समोरचा भगवंतगड बाकी.

खाडीच्या दोन काठांवर दोन गड एकमेकांकडे डोळे वटारून बसलेत, एक सावंतवाडीकरांचा, दुसरा बावडेकरांचा. भरतगडावर आता कलमांची बाग आहे. हापूसच्या मोसमात वर जाण्याआधी खाली विचारा, राखणदाराला ते बरं वाटतं आणि आपल्यालाही. जवळपास एक दिवस हाताशी असेल तर धामापूरचा तलाव करा. १५३० सालचा आहे, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा मिळाला. काठाला भगवतीचं देऊळ, पाण्यात गर्द झाडांची सावली. तिथे मी काही नोंदवलं नाही, नुसता बसून होतो.

नव्यांसाठी एक सोपं गणित. खाडीत होडीने किंवा काठाने जायचं तर भरतीची वेळ ठाऊक हवी. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा. फेरीबोटींना याचं फारसं सोयरसुतक नसतं, लहान होडीवाल्याला मात्र फार असतं. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडले, आगरदांडा-दिघी आणि जयगड-तवसाळ या चार फेऱ्या जमवल्या तर किनाऱ्याचा मोठा वळसा वाचतो आणि खाड्या मधोमध बघता येतात.

पुढे भगवंतगड, मग राजापूर तालुक्यातलं देवाचे गोठणे हे गाव. तिथल्या कातळशिल्पावर होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, तेव्हा दोन वेगवेगळी होकायंत्रं घेऊन जाणार आहे. कुणाकडे जुनं, तेलात बुडवलेल्या सुईचं असेल तर कळवा.