दगड हलवायचा तो काठीने

महाड तालुक्यातल्या आपल्या शाळेत मी १९७९ ते १९८३ अशी चार वर्षं शिकले. जून-जुलैत शाळा म्हणजे ओली दप्तरं आणि गळकी कौलं. खरी रंगत यायची ती गणपती गेल्यावर. भात पिवळं पडायला लागायचं, सकाळी कडक ऊन आणि दुपारनंतर गडगडाट. एकीकडे सहामाहीची धास्ती, एकीकडे कार्यक्रमांची गडबड.

मोठ्या बाई देशावरच्या. आमच्या वाडीत हादगा कुणी खेळत नसे, तो त्यांनी शाळेत आणला. हस्त नक्षत्र लागलं की पाटावर तांदळाने हत्ती काढायचा, त्याला झेंडूची माळ घालायची आणि भोवती आम्ही मुलींनी फेर धरायचा. रोज एक गाणं वाढायचं. शेवटी खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं. ज्या मुलीची पाळी असेल तिला बाई आदल्या दिवशी जवळ घेऊन हळूच सांगायच्या, "चुरमुरे आणि गूळ आण गं, सगळ्यांना आवडतो." कुणाच्या घरी काय परिस्थिती आहे ते त्यांना ठाऊक असायचं. त्यामुळे खिरापतीपायी एकाही आईला उसनवारी करावी लागली नाही. खंडेनवमीला पाटीपूजन व्हायचं, पाटीवर एकड्यांची सरस्वती काढून. दसऱ्याला आपट्याची पानं.

हा फेर ज्या मैदानात रंगायचा ते गुरुजी आमच्याकडून साफ करून घ्यायचे. २ ऑक्टोबरला श्रमदान. पावसाळ्यात मैदानाच्या कडेने गवत कमरेएवढं वाढे. कोयता फक्त गुरुजींच्या हाती. चौथीची मुलं कापलेलं गवत लांब काठीने ओढून ढीग करायची. पहिली-दुसरीच्या पोरांना पायरीखाली उतरायलाच बंदी. गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, चार हात लांब राहायचं, कारण दगडांच्या सांदीत फुरसं हा विषारी साप असतो, हे आम्हाला पाढ्यांइतकं पाठ होतं.

ही शिस्त उगाच आलेली नव्हती. मी दुसरीत असताना शेजारच्या वाडीतला एक लहान मुलगा विंचवाने गेला. आईला मदत म्हणून त्याने लाकडांच्या मोळीत हात घातला होता. कोकणातला तांबडा विंचू दिसायला लहान, पण मुलांच्या जिवावर उठणारा. आधी दरदरून घाम, उलट्या, मग हातपाय गार, आणि पुढे फुफ्फुसात पाणी होऊन धाप. मांत्रिकाकडे नेण्यात रात्र गेली. दुसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी प्रत्येकाला आपलं दप्तर अंगणात उलटं करून झटकायला लावलं. तेव्हापासून ते रोजचंच झालं. दप्तर झटकायचं, चपला आपटून घालायच्या, कौलांच्या ढिगाला हात लावायचा नाही, आणि चावलंच काही तर मार बसेल म्हणून लपवायचं नाही, धावत येऊन सांगायचं. वीज कडाडायला लागली की हादग्याचं गाणं अर्धं टाकून सगळ्यांनी वर्गात यायचं. मैदानातल्या आंब्याखाली एकानेही थांबायचं नाही. बाई दारात उभ्या राहून डोकी मोजायच्या.

सुट्टी लागण्यापूर्वी शाळेच्या अंगणात किल्ला व्हायचा. रायगड इतका जवळ, की दुसरा किल्ला करायला मुलं तयारच नसत. महादरवाजा, टकमक टोक, आणि परातीत पाणी भरून गंगासागर. किल्ल्याला दगड लागतात आणि दगडाखालीच विंचू असतो, म्हणून गुरुजींनी प्रत्येक गटाला एक काठी दिलेली असे. दगड आधी काठीने हलवायचा, खाली बघायचं, मगच उचलायचा. माझे हात आजही तसेच चालतात.

पुढे मी आरोग्यसेविका झाले, तेव्हा आपल्याच तालुक्यात केवढं काम झालंय ते कळलं. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले आणि विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्ररात्र बसून त्यांनी एकेक लक्षण टिपलं. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नंतर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी या दंशावर वापरली. ज्या गंभीर रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत, तिथे वेळेवर गोळी मिळाली तर मृत्यूचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला तो वाडीतला मुलगा आठवला. गोळी थोडी आधी सापडली असती तर आज तोही या स्मरणिकेत लिहिता.

गेल्या महिन्यात शाळेत येऊन गेले. फरशी आहे, पक्की भिंत आहे, मुलींचा हादगा अजून चालू आहे, फार बरं वाटलं. मात्र नव्या खोलीच्या मागे जुन्या कौलांचा आणि चिऱ्यांचा ढीग पडलाय आणि मुलं चेंडू आणायला तिकडेच जातात. घटस्थापनेच्या आत तो हलवायला हवा. माजी विद्यार्थ्यांपैकी आम्ही काहीजण कोयते, पहारी आणि हातमोजे घेऊन २ ऑक्टोबरला सकाळी येतोय. शिक्षकांनी फक्त मुलांना त्या वेळी वर्गात ठेवावं. आणि १०८ बरोबरच आपल्या आरोग्य केंद्राचा नंबरही फळ्याशेजारी मोठ्या अक्षरात रंगवून घ्यावा, रंगाचा खर्च मी देते.