बांधाच्या दोन्ही बाजूंचं पाणी

१९७९ साली मी दक्षिण इराकमध्ये निचऱ्याच्या कामासाठी जमिनीची पाहणी करत होतो. ऑगरने भोक पाडायचं, पाणी किती खोल लागतं ते मोजायचं आणि त्यातला खार तपासायचा. शत्रा गावाजवळच्या एका शेतात मीटरभराच्या आतच पाणी लागलं, आणि तेही गव्हाला झेपणार नाही इतकं खारं. वर पांढरा थर पसरलेला. मी शिरोळचा, उसाच्या पट्ट्यातला. मीठ फुटलेलं रान ओळखायला मला यंत्र लागत नाही.

शेताच्या म्हाताऱ्या मालकांना सगळे हाजी म्हणत. दुभाष्यामार्फत मी विचारलं, "हाजी, गहू का नाही लावत?" ते म्हणाले, "गहू इथे रुसतो. जव सोसतो." मग बांधापलीकडच्या रानात घेऊन गेले. तिथे पीक नव्हतं, नुसती झुडपं माजली होती. एक आपल्या जवाशाचं भाईबंद, दुसरं शमीच्या कुळातलं, ज्याला ते शोक म्हणत. मला वाटलं, रान टाकून दिलंय. हाजींनी ऑगरकडे बोट दाखवलं: इथे मार.

मारला. दांडा जवळजवळ दोन मीटर खाली गेला तरी माती कोरडीच. बांध तोच, कालवा तोच, आणि पलीकडे मीटरभरात पाणी! एक वर्ष पीक, एक वर्ष पडीक, असा तिथला रिवाज. पडीक वर्षात या झुडपांची खोल मुळं खालची ओल शोषून घेतात. मधला थर कोरडा पडला की खालचं खारं पाणी वर चढत नाही, आणि पुढच्या हंगामात वरचं मीठ पाण्याबरोबर खाली जायला जागा होते. जे काम आम्ही यंत्रांनी चर खणून करणार होतो, ते ही माणसं हजारो वर्षं तणाकडून करून घेत आली होती. मी बराच वेळ त्या भोकापाशी बसून होतो.

दुपारी आमच्या तुकडीतले इराकी मृदातज्ज्ञ मला जवळच्या तेल्लोच्या टेकाडावर घेऊन गेले. तेल्लो म्हणजे सुमेरांचं, दक्षिण इराकच्या प्राचीन लोकांचं, गिरसू, लगश राज्यातलं मोठं शहर. १८७७ पासून फ्रेंचांनी तिथे खोदकाम केलं. टेकाडावर उभं राहून मृदातज्ज्ञांनी सांगितलेलं मला अजून आठवतं. नाईलचा पूर पूर्वी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये यायचा, पेरणीच्या आधी, आणि ओसरताना मीठ धुऊन न्यायचा. तैग्रिस-युफ्रेटिसचा पूर यायचा एप्रिल-मेमध्ये, पीक कापणीला आलेलं असताना. म्हणजे पूर थोपवायला बांध हवेत, आणि ऐन पेरणीत, नदी आटलेली असताना, पाणी आणायला कालवे. कालव्यांना माणसं, माणसांना जवाचं वाटप, वाटपाला हिशेब. उरुक या सुमेरी शहरात सापडलेल्या सर्वात जुन्या मातीच्या पाट्यांवर बव्हंशी धान्याचे, जनावरांचे आणि मजुरीचेच हिशेब आहेत.

आणि पाण्यावरून भांडणंही. लगश आणि उम्मा ही शेजारची राज्यं पिढ्यान्पिढ्या लढली. अखेर इ.स.पू. २४०० च्या सुमारास लगशचा राजा एन्मेतेना याने थेट तैग्रिसवरून कालवा आणला. पाणी मुबलक झालं, पाझरही मुबलक, आणि खालचं खारं पाणी वर चढलं. जेकबसेन आणि ॲडम्स या प्राचीन इराकच्या अभ्यासकांनी १९५८ मध्ये मांडलेला हिशेब असा: त्या सुमारास गिरसूत जवाचं हेक्टरी उत्पन्न सुमारे २,५३७ लिटर होतं, तीनशे वर्षांनी १,४६० झालं, आणि इ.स.पू. १७०० च्या सुमारास जवळच्या लार्सा शहरात ८९७. दक्षिणेतून गहू तोवर जवळजवळ गेलाच होता. हे आकडे पुढे वादात सापडले. पाट्यांवरची मापं अशी सरळ जुळवता येत नाहीत, असं काही अभ्यासक म्हणतात. आकड्यांचा वाद मला पटतो. पण गिरसूच्या शेतांवर मिठाचे पट्टे होते हे त्यांच्या कारकुनांनीच लिहून ठेवलंय, आणि सकाळी मी त्याच मातीत ऑगर मारला होता.

रात्री अहवालात मी बांधाच्या दोन्ही भोकांचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि शिफारस केली, की चर खणले तरी पडीक वर्षाचा रिवाज मोडू नये. मग घरी पत्र लिहायला घेतलं. आमचं खालचं रान तेव्हा नुकतंच पांढरं पडायला लागलं होतं. लिहिलं, "आण्णा, खालच्या रानात यंदा ऊस नको. पाण्याची पाळी लांबवा, आणि ओढ्यापर्यंत चर काढायला आत्ताच माणसं लावा."