फ्रोजन पालक संपवण्याची नोंदवही: आधी पाण्याचं ठरवा

फ्रीजरचा खालचा कप्पा आता बराच मोकळा झालाय. चिरलेल्या पालकाच्या विटा संपत आल्या आहेत आणि पानांचे छोटे गोळे असलेली एक पिशवी शिल्लक आहे. ठरवलं होतं की पालकासाठी वेगळा पदार्थ शोधायचा नाही, रोज जे शिजतं त्यातच तो जिरवायचा. ते छान जमतंय. आता माझी पक्की खात्री झाली आहे की पदार्थ ठरवण्याआधी एवढंच बघावं: याला पालकातलं पाणी चालणार आहे की नाही? बाकी सगळं त्यावरून आपोआप ठरतं.

ताज्या पालकात ९१ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. गोठताना त्याचे स्फटिक होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात, आणि पालक वितळला की पाणी धरून ठेवायला काही उरत नाही. कारखान्यात भाजी झपाट्याने गोठवतात, त्यामुळे स्फटिक बारीक राहतात. घरच्या फ्रीजरमध्ये हे काम सावकाश होतं, स्फटिक मोठे होतात, म्हणून घरी गोठवलेला पालक जास्त पाणी सोडतो. घट्ट पिळलं तर जवळजवळ निम्मं वजन पाण्यातच जातं. कृतीत '२०० ग्रॅम पालक' लिहिलं असेल तर तो पिळण्याआधीचा की नंतरचा, हे आधी बघून घ्या.

पिळून वापरायचे पदार्थ

सगळ्यात जास्त पालक इथेच संपला, आणि त्यातही अंड्यांमध्ये. पालक रात्रभर फ्रीजच्या खालच्या भागात वितळू द्यायचा, सुती फडक्यात बांधून पिळायचा, आणि मग कोरड्या तव्यावर, तेल न घालता, दोन-तीन मिनिटं परतायचा. ही पायरी मला पिळण्याइतकीच महत्त्वाची वाटते. तव्यावरचा चुरचुर आवाज थांबला आणि वाफ विरळ झाली की मगच तेल किंवा लोणी, ठेचलेला लसूण, मिरपूड. तेल आधी घातलं तर पालक त्यात पाण्यासकट शिजत राहतो आणि लसणाला रंग येत नाही. कोरडा करून घेतलेला पालक अंड्यात घातला की ऑम्लेट एकसंध राहतं, कडेने हिरवं पाणी सुटत नाही. चार अंड्यांना पिळलेल्या पालकाची एक मूठ बेताची होते. मीठ पिळल्यानंतरच्या अंदाजाने घाला, कारण पालक आळून फार थोडा राहतो.

सारणांनाही हाच नियम लागू. पिळलेला पालक, किसलेलं चीज, किंचित जायफळ: हे मिश्रण ब्रेडमध्ये, पास्त्यात, ढोबळ्या मिरचीत, कशातही भरता येतं. जायफळ चिमूटभरच, पण वगळू नका. पालकाच्या मातकट चवीला ते फार सुरेख सावरतं. उकडलेल्या बटाट्याच्या टिक्क्यांमध्ये मात्र पालक पिळल्यावर सुरीने पुन्हा बारीक करून घ्या. लांब तंतू राहिले तर टिक्की उलटताना तिथेच फुटते.

दह्यातला पालक हा माझा सध्याचा लाडका प्रकार. पालक पिळून, लसणावर परतून, पूर्ण गार करून मगच घट्ट दह्यात मिसळायचा. गरम असताना मिसळला तर दही फुटतं.

पाण्यासकट वापरायचे पदार्थ

सूप, मसुरासारख्या डाळी, पातळ रस्से: इथे पालक वितळवायचीही गरज नाही. गोळे फ्रीजरमधून थेट भांड्यात. गोठवण्याआधी त्याला उकळत्या पाण्यातून काढलेलं असतं (घरी करत असाल तर साधारण दोन मिनिटं, मग लगेच बर्फाचं पाणी). त्याने रंग आणि चव बिघडवणारी एन्झाइम्स थंडावतात. म्हणजे पालक अर्धा शिजलेलाच येतो. शेवटची पाच मिनिटं त्याला पुष्कळ झाली.

रंगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण फरक चटकन दिसतो. हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की ते मॅग्नेशियम निसटतं आणि पानं शेवाळी-तपकिरी दिसू लागतात. म्हणून टोमॅटो आधी पूर्ण शिजवून घ्या आणि पालक शेवटी घाला. लिंबू गॅस बंद केल्यावर. झाकणही उघडं ठेवा, म्हणजे भाजीतली उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर बाहेर पडतात. खायचा सोडा घातला तर रंग टिकतो, पण पानांचा लगदा होतो आणि काही जीवनसत्त्वंही जातात. मी तो घालत नाही.

भातात गोळे घालायचे असतील तर दर १०० ग्रॅम पालकामागे पाणी सुमारे ५० मिलिलिटरने कमी करा. मला दुसरी रीत जास्त पटते: पालक पिळून लसणावर परतायचा आणि शिजलेल्या भातात हलक्या हाताने मिसळून पाच मिनिटं झाकून ठेवायचा. दाणा मोकळा राहतो, रंगही उजळ दिसतो.

कणकेत न पिळलेला पालक वाफवून, गार करून, मिक्सरमधून काढून घाला. दोन कप पिठाला अर्धा कप वाटण. आधी पाणी अजिबात घेऊ नका. वाटणावरच मळायला घ्या, पंधरा मिनिटं झाकून ठेवा, आणि मग लागलं तरच पाण्याचा हात लावा.

पिळलेल्या पाण्याचं काय?

हे हिरवं पाणी भांड्यात धरून सुपात किंवा भात शिजवायला वापरता येतं, त्यात जीवनसत्त्वं आणि क्षार उतरलेले असतात. पण पालकातलं पाण्यात विरघळणारं ऑक्झॅलेट (कॅल्शियमला धरून ठेवणारं द्रव्य) हेही त्यातच येतं. ज्यांना ऑक्झॅलेटच्या मूतखड्यांचा त्रास आहे त्यांनी ते ओतून द्यावं. पालक खाल्ल्यावर दातांना जो खरखरीतपणा जाणवतो तो या ऑक्झॅलेटमुळेच. पालकातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम ५ टक्के अंगी लागतं तेही त्याच्यामुळे, तेव्हा कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नका. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवायचं औषध घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: पालकात के जीवनसत्त्व भरपूर असतं, म्हणून फ्रीजर रिकामा करायच्या उत्साहात एकदम खूप खाऊ नये, प्रमाण रोजच्यासारखं ठेवावं.

स्मूदीबद्दल माझं मत ठाम आहे. पिशवीतला पालक उकळत्या पाण्यातून काढलेला असला तरी तो तसाच खाण्यासाठी बनवलेला नसतो, आणि लिस्टेरिया हा जंतू गोठवल्याने मरत नाही. गोळे आधी चांगले वाफाळेपर्यंत गरम करा (आत ७४ अंश सेल्सियस), गार करा, मग मिक्सरमध्ये घाला. चवही सौम्य होते.

उरलेल्या पिशवीचा बेत

वितळवून झालेला पालक ओट्यावर ठेवू नका. फ्रीजमध्येच वितळलेला असेल तर पुन्हा गोठवायला हरकत नाही, पण तो आणखी गिळगिळीत होतो, त्यामुळे मी लागेल तेवढाच काढतो. वीट असेल तर ती थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून, दातेरी सुरीने हवा तेवढा तुकडा कापून उरलेला भाग लगेच परत ठेवायचा. पिशवीतली हवा दाबून काढा. वर पांढुरके कोरडे डाग दिसले तर ते पाणी उडून गेल्याचे असतात. तो पालक खायला सुरक्षित असतो, फक्त सुपासारख्या ओल्या पदार्थात घाला. उणे १८ अंशांवर आठ ते बारा महिने चव चांगली राहते, म्हणून पिशवीवर तारीख लिहायची सवय ठेवा.

शिल्लक गोळ्यांचं पालक-लोणी करणार आहे: पालक पिळून परतून गार करायचा, मऊ लोण्यात लसूण, मीठ आणि लिंबाची किसलेली साल यांच्याबरोबर कालवायचा, कागदात वळकटी करून गोठवायचा. गरम बटाट्यांवर किंवा नुकत्या गाळलेल्या पास्त्यावर एक चकती पुरेल असा अंदाज आहे. किती लोण्याला किती पालक घातला की वळकटी न फुटता कापता येते, ते पुढच्या नोंदीत प्रमाणासकट लिहीन. कोणी आधी केलं असेल तर तुमचं प्रमाण जरूर सांगा.