मनाली-लाहौल, मे महिन्याचा हवामान अपडेट: ट्रफ (वरच्या हवेतला कमी दाबाचा पट्टा) येतोय, पण तुम्ही कुठल्या उंचीवर असणार ते आधी सांगा

मंडळी, मुंबईत सध्या बघण्यासारखं काही नाही, रोज तेच 33-34, अंगाला चिकटणारा घाम, आणि मान्सूनची इथली नॉर्मल तारीख 11 जून, म्हणजे अजून बराच वेळ आहे. त्यामुळे मी नेहमीसारखा हिमाचलच्या भुंतर-मनाली-केलांग पट्ट्यात मुक्काम ठोकलाय, अर्थात स्क्रीनवरच. ऑफिसचा पहिला चहा होईतो जीएफएस या अमेरिकन हवामान मॉडेलचा 00 झेड रन (आपल्या पहाटे साडेपाचच्या स्थितीवरून काढलेला अंदाज) बऱ्यापैकी आलेला असतो, युरोपियन मॉडेल दुपारी जेवताना बघतो.

इनबॉक्समध्ये एकच प्रश्न, 'मनालीचा फोरकास्ट काय रे?' अरे पण मनाली म्हणजे नक्की कुठे? भुंतर 1100 मीटरच्या आत, मनाली गाव 2050 च्या आसपास, रोहतांग खिंड 3978, लाहौलपलीकडची बारालाचा खिंड तर 4800 च्याही वर. एकाच दुपारी खाली ऊन, गावात सर आणि खिंडीत बर्फ असं होतं आणि ॲपवर मात्र एकच ढगाचं चित्र.

यावेळी मी मॉडेलच्या उंचीवर जरा काम केलं. जीएफएसचा ग्रिड, म्हणजे नकाशावरचा एकेक चौकोन, साधारण 13 किमी, युरोपियनचा 9, त्यात बियासचं चिंचोळं खोरं मावतच नाही, आजूबाजूच्या डोंगरांची सरासरी निघते आणि गाव उचलून वर बसतं. समजा मॉडेलने मनाली 3000 वर धरली तर 950 मीटरचा फरक, किलोमीटरला साडेसहा डिग्री पकडले तर दुपारचं तापमान सहाएक डिग्री कमी दिसणार. म्हणून लोक मेमध्ये जाडजूड जॅकेटं घेऊन जातात आणि मॉल रोडवर ती कमरेला बांधून फिरतात. रात्रीच्या आकड्याला मात्र हा हिशोब लावू नका, आकाश निरभ्र असलं की थंड हवा उतारावरून घरंगळत खोऱ्याच्या तळाशी साचते, तिथे उलटंच चित्र असतं.

आणि एक, मुंबईसाठी आपण 850 हेक्टोपास्कलचा (हवेच्या दाबाच्या त्या पातळीचा) चार्ट बघतो ना, तो तिकडे विसरा. 850 म्हणजे साधारण दीड किलोमीटर, लाहौलमध्ये ती पातळी चक्क जमिनीखाली आहे! मी 700 आणि 500 वरच, म्हणजे त्याहून उंच पातळ्यांवरच असतो.

आता मुद्द्याचं. 500 वर अफगाणिस्तानच्या बाजूने एक ट्रफ सरकतोय, दोन्ही मॉडेल वीकेंडच्या आसपास आणतायत, युरोपियन थोडा उशिरा. मे अखेरीस जेट (उंचावरचा वेगवान पश्चिमी वारा) उत्तरेला सरकायला लागतो म्हणून वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या अशा पावसाळी प्रणाली, हिवाळ्यासारखे दोन-दोन दिवस बसून पाडत नाहीत, पण खाली जमीन तापलेली आणि वर थंड हवा, त्यामुळे जे होतं ते दणकन होतं, गडगडाट, वारा, गारा. सफरचंदवाल्यांना याचंच टेन्शन, फळ आत्ता कुठे धरलेलं असतं, ज्यांना परवडतं त्यांनी बागेवर जाळ्या टाकलेल्या असतात.

मनालीजवळ नग्गरला माझा एक मित्र लॅपटॉप घेऊन राहिलाय, तो गॅलरीतून फोटो पाठवतो. अकराला डोंगराच्या धारेवर कापसाच्या बोळ्यांसारखे दोन-चार ढग, दीडला त्यांचा फुगून कोबी, तीनला ढगाचा माथा पसरून सपाट व्हायला लागतो आणि खालून येणारा वारा अचानक फिरून गार येतो, त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत सर. आठ वाजता चांदण्या. हे सगळं नुसत्या उन्हामुळे, ट्रफ नसतानाही! ट्रफ आला की हेच लवकर सुरू होतं आणि रात्रीही थांबत नाही, फरक ओळखायचा तो इथे. शिमल्याजवळ कुफरीचं हवामान रडार आहे पण मध्ये डोंगर आला की बीम अडतो, म्हणून मी इनसॅट उपग्रहाचं वॉटर व्हेपर (हवेतल्या बाष्पाचं चित्र) जास्त बघतो.

माझा अंदाज: शुक्रवारपर्यंत दुपारनंतरच्या सरी, सकाळी स्वच्छ. शनिवार-रविवार झीरो डिग्रीची पातळी (जिथे तापमान शून्यावर येतं ती उंची) 4000 मीटरच्या खाली येईलसं दिसतंय, बर्फ तिच्याही दोन-तीनशे मीटर खालपर्यंत पडतो, म्हणजे रोहतांगला बर्फ धरून चाला, बारालाचा तर सोडूनच द्या. अटल टनेल 3100 च्या आसपास, तिथे पाऊसच वाटतोय. टनेलपलीकडे सिस्सूला बरेचदा अलीकडच्यापेक्षा कोरडं असतं, पण पश्चिमेकडून येणाऱ्या ट्रफला पीर पंजालची डोंगररांग मान्सूनला अडवते तशी अडवत नाही, तेव्हा त्या भरवशावर बाईक काढू नका. सोमवारनंतर मोकळं, आणि ताज्या बर्फावर ऊन पडलं की नाले दुपारी फुगतात, ते सकाळी लवकर ओलांडा.

वीकेंडला कुणी त्या पट्ट्यात असेल तर ढगांचे फोटो टाका, वेळ आणि कुठल्या दिशेला बघून काढलाय ते लिहून. मॅगीचे फोटो नकोत.